तोंडावरचे फोड आणि सुलतानाबाईंची सुई

सन्माननीय अध्यक्ष बापूजी, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, आज धानोऱ्याला बदलून चाललेल्या आपल्या नर्स सुलतानाबाई, त्यांचे यजमान कय्यूमभाई आणि वडशाच्या समस्त बंधुभगिनींनो,

भाषण मी लिहून आणले आहे आणि दोनदा तपासले आहे. माझी शाळा सहावीत सुटली, त्यामुळे धाकधूक आहे. आमच्या नाटक मंडळात मी पडद्याआडून इतरांना वाक्ये पुरवतो. आज मला कोण पुरवणार?

रविवार, १३ जानेवारी १९५७. दुपारचे चार वाजले होते. मी तालमीत वाक्ये पुरवत होतो. माझा मोठा भाऊ डोमा राणीचे काम करतो. तो लुगड्यासकट खाली कोसळला. मला वाटले वाक्य विसरला, म्हणून मी वाक्य पुन्हा सांगितले. मग आणखी मोठ्याने सांगितले. शेवटी बापूजी ओरडले, "अरे, त्याचं आंग तापलं हाय, वाक्य काय सांगून राह्यला!"

(दादा, हसू नकोस. सभा चालू आहे.)

दवाखान्यात नेले, तर डॉक्टरसाहेबांनी तपासून न्यूमोनिया सांगितला आणि तिथेच ठेवून घेतले. छातीच्या दोन्ही बाजू धरल्या होत्या. दर काही तासांनी पेनिसिलीनची सुई सुरू झाली. दादाचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला होता. तो कोणाला ओळखत नव्हता. मलाच राजा समजून एकदा हुकूम मागितला.

चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर ओठ, नाक, हनुवटी, सगळे पाणीदार फोडांनी भरलेले. आमच्या आईने, म्हणजे भागीरथाबाईने, पाहिले मात्र, बाहेर जाऊन निंबाचा डहाळा आणला आणि खाटेला बांधला. सुलतानाबाई सुई घेऊन आल्या, तर आई आडवी उभी.

"माता आली माह्या पोराले. आता सुई टोचाची नाई. मातेले राग येते."

माता आल्यावर, म्हणजे देवी निघाल्यावर, घरात फोडणीसुद्धा न देणारी माणसे आम्ही. सुईला हो कोण म्हणणार? डॉक्टरसाहेब तेव्हा दौऱ्यावर होते. सुई चुकली तर दादा जगेल की नाही, हे विचारायचीही माझी छाती नव्हती.

सुलतानाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दादाची छाती, पाठ, तळहात, तळपाय पाहिले. माता असती तर तिथेही उठली असती, पण तिथे एकही फोड नव्हता. मग म्हणाल्या, "भागीरथाबाई, निंब राहू द्या. एक सांगा, लहानपणी याच्या ओठाले असे फोड येत होते का?"

"येत होते नं. ताप आला का तोंड उते त्याचं."

"दर तापाले माताच येत होती का?"

आईने खाटेचा डहाळा नीट केला. मग म्हणाली, "तवा दोन-चार राहे. एवढे नोते."

"तवा तो एवढा बिमार बी नोता, बाई."

आईची समजूत अजून पटेना. सुलतानाबाई खाटेच्या कडेला बसल्या. "तुम्ही तलावातले मासे धरता. मांगूर कुठी राह्यते?"

"गाळात. दिसत नाई."

"मंग दिसते कवा?"

"पानी आटलं का वर येते."

"मांगूर वर आली म्हणून पानी आटते का?"

"येडी हाय का तू! पानी आटलं म्हणून मांगूर..." आई दादाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग एकदम बाजूला सरकली. "मंग उभी काऊन राह्यली? लाव सुई. पानी भर!"

सभाजनहो, दोन दिवसांनी दादाने मला नावाने हाक मारली. पुढे डॉक्टरसाहेबांनी समजावले, की या फोडांचे जंतू लहानपणीच शिरतात आणि नसांच्या मुळाशी निजून राहतात. माणूस फार आजारी पडला, अंगातला जोर सरला, की जागे होतात. ते जागे झाल्याने माणूस आणखी खचतो, की खचल्याचे ते नुसते लक्षण, यावर मोठे डॉक्टरही अजून विचार करताहेत म्हणे. तसे असेल तर आमची आई त्यांच्या थोडी पुढे आहे, पण हे व्यासपीठासमोर बोलणे बरे नव्हे.

फोडांच्या खपल्या मात्र रेंगाळल्या. पहिल्याच खेळाला राणीच्या ओठावर खपली होती. समोरून कोणी ओरडले, "राणीले मधमाशा चावल्या का गा?" दादा म्हणाला, "राजाच्या मिशा टोचल्या!" खेळ तिथेच जिंकला.

एक गोष्ट राहिली. दादा घरी आल्यावर आई मातेच्या देवळात गेलीच. ऐकणारी नाही ती. दोन नारळ नेले. एक डोमाच्या नावाचा. पुजाऱ्याने विचारले, दुसरा कोणाचा? आई म्हणाली, "सुलतानाचा." पुजारी घुटमळला. तेव्हा आई त्याला म्हणाली, "माही लेक हाय. फोड लवकर."

सुलतानाबाई, हे तुम्हाला आजपर्यंत कोणी सांगितले नव्हते. धानोऱ्याला जा, पण सणाला माहेरी या. कय्यूमभाई, जावयाचा मान तुम्हाला मिळेलच, मात्र मासे आई निवडेल.

सर्वांनी शांतपणे ऐकले, आभारी आहे. बोलण्यात उणेअधिक झाले असेल तर पोटात घाला. आईचे कोणतेही वाक्य मी सुधारलेले नाही. तशी तिने ताकीदच दिली होती.