तिखट मिरचीचा रकाना

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या होमोकफालूच्या नगराध्यक्षा श्रीमती योलान गाल, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे प्राध्यापक केलेमेन, सहकारी संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी, मिरची संशोधन केंद्रातले माझे सहकारी, गावातल्या बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आदरणीय एतेल्का शिपोश, आपणा सर्वांना मी, या केंद्राचा संचालक लोरांद बाको, नमस्कार करतो.

पाठीमागे ऐकू येतंय ना? बरं.

एतेल्काताईंनी या केंद्रात अडतीस वर्षं सेवा केली. मानपत्रात ‘बियाणे कोठीच्या प्रमुख’ असं छापलं आहे, ते खरं आहे. पण पहिली बारा वर्षं त्या प्रयोगशाळेत होत्या, हे मानपत्रात नाही. मानपत्राचा मजकूर मीच लिहिला.

मी चोवीस वर्षांचा असताना त्यांच्या हाताखाली रुजू झालो. मिरचीचा रस गाळायचा, त्यात निळं द्रावण थेंब थेंब सोडायचं, गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि ‘क’ जीवनसत्त्वाचा आकडा काढायचा, एवढं ते काम. पहिल्याच दिवशी मी नळी दोन बोटांत अगदी अलगद धरली, तेव्हा ताई म्हणाल्या, “अरे, परीक्षानळी धरलीयस की बाळाची दुधाची बाटली? घट्ट धर. ती काही रडणार नाही.” सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसलो. त्या वर्षी मी खूप हसत असे.

१९८८च्या शरदात आपल्याकडे एक मोठं काम आलं. जिल्ह्यातल्या शाळांच्या आणि दवाखान्यांच्या स्वयंपाकघरांना मिरची पुरवायची होती. गोड मिरची पौष्टिक की तिखट, याचा तक्ता आपल्या केंद्राने द्यायचा आणि त्यावरून सहकारी संस्थेने कुठलं बियाणं पेरायचं ते ठरवायचं. गोड म्हणजे केंद्रात तयार झालेलं नवं वाण. तिखट म्हणजे गावची जुनी, वळणदार शेंड्याची मिरची. तेव्हा चाळीस घरांच्या छपरांखाली तिच्या माळा लटकत असत. त्यांतलं एक घर एतेल्काताईंच्या भावाचं, व्हेंडेल शिपोश यांचं. इथे बसलेल्या पुष्कळांनी त्यांच्या हातचं माशाचं कालवण डोळे पुसत खाल्लं आहे.

तपासणी ताईंनी केली. शंभर ग्रॅम ताज्या, पिकून लाल झालेल्या मिरचीत ‘क’ जीवनसत्त्व किती? गोडमध्ये एकशे एकोणतीस मिलिग्रॅम, तिखटमध्ये एकशे सेहेचाळीस. ‘अ’ जीवनसत्त्वात मात्र गोड कितीतरी पुढे. म्हणजे एका रकान्यात ही वरचढ, दुसऱ्यात ती.

तेव्हाचे संचालक डॉ. व्हिडा यांना हे रुचलं नाही. त्यांना प्रत्येक रकान्यात नवं वाण वर हवं होतं. ते आज हयात नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी मी एवढंच सांगतो की ते ओरडले नाहीत. त्यांनी चहा मागवला.

“एतेल्का, हा आकडा पुन्हा बघा.”

“चारदा बघितलाय, साहेब.”

“भावाची मिरची आहे म्हणून हात जड झाला असेल.”

ताईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, “साहेब, गोडच पुढे न्यायचीय ना? मग खरं तेच लिहा की. शंभर ग्रॅम तिखट मिरची कुठलं पोर खाईल? चिमूटभर खाऊन पाण्याकडे धावेल. गोड मिरची मात्र अख्खी खाईल, वर दुसरी मागेल. तक्त्याखाली एवढी एक ओळ टाका, तुमचं काम होतंय. पण आकडा राहू द्या. नाहीतर रकाना रिकामा सोडा. खोटा भरू नका.”

प्राध्यापक केलेमेन, आपण या विषयातले जाणकार आहात. ती एक ओळ पुरेशी नव्हती का? पुरेशी होती. खोट्याची गरजच नव्हती, हे मला त्या दिवशीही कळत होतं.

ताईंनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी डॉ. व्हिडांनी मला बोलावलं आणि कोरा तक्ता पुढे ठेवला. मी त्यात सगळे आकडे उतरवले आणि एकशे सेहेचाळीसच्या जागी एकशे सोळा लिहिलं. तपासनीस म्हणून खाली सही केली, लोरांद बाको. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली. मला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. काहीच वाटलं नाही. दंतवैद्याने सुई टोचल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसं.

सभागृहात कुजबुज सुरू झाली आहे. माझं होत आलं आहे, थोडा वेळ द्यावा.

त्याच आठवड्यात ताईंची बदली बियाणे कोठीत झाली आणि त्यांचं टेबल मला मिळालं. संस्थेने तिखट मिरची घेणं बंद केलं. व्हेंडेल शिपोश यांनी गोड मिरची लावायला नकार दिला, म्हणून संस्थेने त्यांना कसायला दिलेली जमीन दुसऱ्याला गेली. ते वीटभट्टीवर कामाला लागले, दूर, दोन गाड्या बदलून जावं लागे अशा गावी. फक्त नाताळला घरी येत. चार वर्षांपूर्वी तिकडेच वारले. दफनाला मीही होतो. ताईंनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाल्या, “आलास, बरं झालं. टोपी घाल, थंडी आहे.”

तक्ता छापला गेला त्याच्या पुढच्या वर्षी देशातली जुनी एकपक्षीय राजवट गेली. तेव्हा बोललो असतो तर कुणी काही केलं नसतं. नाही बोललो. मग बढती मिळाली, मग हे पद. तो तक्ता सात पुस्तिकांत छापून आला. रोज सकाळी ताई दारात म्हणत, “नमस्कार, लोरांद.” मी म्हणे, “नमस्कार, ताई.” सव्वीस वर्षांत त्या विषयावर आमच्यात एक शब्दही झाला नाही.

गेल्या सप्टेंबरात आपली नवी तपासनीस बोग्लार्का, ती बघा खिडकीपाशी बसली आहे, माझ्याकडे वही घेऊन आली. “सर, कोठीमागच्या वाफ्यातली तिखट मिरची तपासली. एकशे त्रेचाळीस येतंय. जुन्या तक्त्यात एकशे सोळा आहे. तीनदा केलं.”

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “उपकरण तपासून घे.”

एतेल्काताई बियांचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. त्या बोग्लार्काला म्हणाल्या, “उपकरण बरोबर आहे, बाळ. उगाच खोलत बसू नकोस.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ट्रे उचलला आणि गेल्या.

मी कोठीमागे जाऊन तो वाफा पाहिला. दोन ओळी झाडं, फुलांवर बांधलेल्या मलमलीच्या पिशव्या, शेजारच्या गोड मिरचीचे पराग लागू नयेत म्हणून. मिरचीचं बी चार-पाच वर्षांत मरतं. म्हणून ताई दर तीन वर्षांनी ते पेरत होत्या, नवं बी धरत होत्या, आणि नोंदवहीत लिहीत होत्या की शंभरातली किती उगवली. एक्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याण्णव. गावात एकाही अंगणात नसलेली मिरची त्या वहीत जिवंत होती. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिथेही मला रडू आलं नाही. नुसता उभा राहिलो, आणि मग जेवायला गेलो.

त्यानंतर मला सात महिने लागले. आज सकाळी तो तक्ता मागे घेत असल्याचं पत्र मी मंत्रालयाला आणि पुस्तिकांच्या प्रकाशकाला टपालाने पाठवलं. संचालकपदाचा राजीनामा अध्यक्षांच्या हाती दिला आहे. मग ताईंच्या घरी जाऊन हे सांगितलं. त्या पाव कापत होत्या. सुरी न थांबवता म्हणाल्या, “व्हेंडेल असता तर तुला एक ठेवून दिली असती. मला आता तेवढाही राग येत नाही रे. संध्याकाळी माझे गोडवे गाऊ नकोस. तक्ता वाच, म्हणजे झालं.”

तर गोडवे गात नाही. तक्ता वाचतो. ताज्या लाल मिरचीत, शंभर ग्रॅमला, ‘क’ जीवनसत्त्व: गोड एकशे एकोणतीस, तिखट एकशे सेहेचाळीस. ‘अ’ जीवनसत्त्वात गोड सरस. टीप: माणूस एका वेळी गोड मिरची जास्त खातो, हे लक्षात घ्यावे. तपासणी, एतेल्का शिपोश.

अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुणे एवढ्या लांबून आले, सहकाऱ्यांनी सभागृह सजवलं, आपण सर्वांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सगळ्यांचे आभार. बोलण्यात कुठे अधिक-उणं झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

एतेल्काताई, ही विनंती तुम्हाला नाही.