मेमरीची पट्टी

दातांच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या शिंपीकाकांच्या शेजारी एका सुनेने सासूबाईंना स्पीकरवर फोन लावला होता.

“आई, काल मी जुळवलेला कॉम्प्युटर उघडाच आहे ना?”

“आहे. पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळी. थोरला निघालाय. म्हणतो, सगळे भाग दुकानात परत करतो, हे बायकांचं काम नव्हे.”

“भावजी पोचायच्या आत उरकू. चूक आत्ता लक्षात आली. आधी प्लग काढा. आता ती उभी हिरवी पट्टी, मेमरीची. वरून दाबा.”

“दाबली.”

“आवाज आला?”

“नाही बाई. मोडली म्हणजे?”

“मीही ह्याच भीतीने हळूच बसवली. दोन्ही अंगठे ठेवा नि चांगला जोर लावा.”

“कट्ट झालं! मोडली का गं?”

“बसली! प्लग लावा, बटण दाबा.”

“काका, तुमचा नंबर,” नर्स म्हणाली.

“दुसऱ्याला पाठवा हो,” काका म्हणाले. “इथं जीव टांगणीला लागलाय.”

“अगं, उजेड आला! अक्षरं आली! थांब, बेल वाजली. थोरलाच असणार.”

“मग दार उघडा ना, आई.”

“उघडते की. पण हात मागे बांधून ये म्हणते. सुनेचा कॉम्प्युटर लांबूनच बघायचा.”