पत्रिकेतली रिकामी जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय व्यंकोबाराव, चिटणीस मुरलीराव, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, ज्यांची नावे निमंत्रणपत्रिकेत आधीच छापली असल्यामुळे मी पुन्हा वाचत नाही, आणि ज्यांची नावे कुठेच छापलेली नाहीत अशा सभागृहातल्या सर्व बंधुभगिनींनो,

कुंभकोणमच्या आपल्या या मराठी संघाच्या कार्यकारिणीत मी अकरा वर्षे आहे. त्याआधी बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. भाषण लांबवण्याची सवय मला दोन्हीकडे लागली नाही, तेव्हा घाबरू नका. कॉफी थंड होणार नाही.

आज आपण अक्षयाचा सत्कार करतो आहोत. वय तेवीस. दोन वर्षांपूर्वी ती संघाच्या या इमारतीतली पुढची छोटी खोली मागायला आली होती. डिझाइनचा स्वतःचा व्यवसाय काढायचा होता. पत्रिका, खोकी, पिशव्या, दुकानांच्या पाट्या. मीच तिला विचारले, "बँकेची परीक्षा का देत नाहीस?" ती म्हणाली, "टीचर, नापास होईन म्हणून नाही. पास होईन म्हणून देत नाही." उत्तर उद्धट होते. खोली मात्र आम्ही दिली, कारण तिच्यात तेव्हा मोडक्या खुर्च्यांशिवाय कुणी राहत नव्हते.

पहिले काम आम्हीच दिले. वार्षिक मेळाव्याची पत्रिका. आता आपली पत्रिका म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. चारी कोपऱ्यांना हळद, आणि मधे आश्रयदाते, माजी आश्रयदाते, त्यांचे जावई. तारीख शोधायला चष्मा लागतो. अक्षयाने काय केले? वर एक छोटा पितळी दिवा काढला, खाली दिवस, वेळ आणि पत्ता लिहिला. मधली सगळी जागा मोकळी.

त्या मोकळ्या जागेने काय गोंधळ घातला, आठवतो ना? अध्यक्षांनी पत्रिका उजेडात धरून पाहिली.

"अक्षये, इथं आमचं नाव छापायचं राहिलं की गं."

"मामा, तिथं कुणाचंच नाव नव्हतं."

"तेच म्हणतो मी. आमचं नव्हतं!"

इन्नंबूरचे एक घराणे मेळाव्याला आलेच नाही. ती जागा त्यांच्या आजोबांची होती म्हणे. गंगाबाई, हसू नका, तुम्हीही आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता. शेवटी चिटणीसांनी रबरी शिक्का करून घेतला आणि उरलेल्या तीनशे पत्रिकांवर सगळी नावे उमटवली. दिव्यावरसुद्धा.

आता खरे सांगायचे, तर घरी गेल्यावर मीही ती पत्रिका पुन्हा उघडली होती आणि त्या रिकाम्या जागेत माझेच नाव शोधले होते. गणिताच्या बाईने शून्यात आकडा शोधावा, यापेक्षा लाजिरवाणे काय असेल?

शिक्का न बसलेली एक पत्रिका मणींच्या पितळी दिव्यांच्या दुकानात पोचली. ते तमिळ, आपल्या संघातले नाहीत, त्यामुळे त्यांना त्या जागेत कुणी दिसले नाही. "दिव्याभोवती एवढी शांतता आमच्या खोक्यावरही पाहिजे," असे ते म्हणाले. आज गावातली चौदा दुकाने अक्षयाकडे येतात. दोन मुली तिच्या हाताखाली काम करतात. हे सगळे कार्यकारिणीला न विचारता घडले, याची नोंद व्हावी.

मग गेल्या महिन्याच्या बैठकीत आम्हाला अचानक तिचा अभिमान वाटू लागला. तिसरा विषय होता, स्वयंपाकाची मोठी भांडी ठेवायला जागा नाही. चौथा विषय होता, अक्षयाच्या वाढत्या कर्तृत्वाला ती खोली अपुरी पडते, तरी तिचा सत्कार करून तिला प्रेमाने निरोप द्यावा. विषयांचा क्रम मी लावलेला नाही. विरोधात एक हात वर झाला होता, तो माझा. शाल, श्रीफळ, आणि रविवारपर्यंत खोली रिकामी. मुरलीराव, मान हलवू नका, इतिवृत्त तुमच्याच अक्षरात आहे.

दिवाळीची खोकी अर्धी छापून झाली आहेत. छपाईचे यंत्र रविवारी कुठे न्यायचे, हे या पोरीला विचारायचे कुणाला सुचले का? आणि आजची ही पत्रिका बघा. सव्वीस नावे. सत्कारमूर्तीचे नाव? "एक तरुण उद्योजिका." जागा पुरली नाही.

म्हणून सांगते. साक्कोट्टैच्या रस्त्यावर माझे घर आहे. त्याच्या पुढच्या खोलीत मी आयुष्यभर शिकवण्या घेतल्या. ती काल मोकळी केली, चुना मारून घेतला. यंत्र उद्या सकाळी तिथे जाईल. आणि कार्यकारिणीचा राजीनामा मी अध्यक्षांच्या शालीखाली ठेवला आहे. उठताना पडेल, सांभाळा.

अक्षयाने काल विचारले, "टीचर, पाटीवर तुमचं नाव घालू का?" मी म्हटले, "तुझे घाल. बाकीची जागा मोकळी सोड."

संघाने मला अकरा वर्षे खुर्ची दिली आणि आज ध्वनिक्षेपक दिला, दोन्हींबद्दल आभारी आहे. बोलण्यात कुणाला टोचले असेल तर क्षमा करावी. आणि कुणाचे नाव घ्यायचे राहिले असेल, तर ते जाणूनबुजून राहिले असे समजू नये. पत्रिकेतल्या त्या मोकळ्या जागेसारखेच तिथेही खरोखरच कुणी नव्हते.