कामाचे कपडे

(१९८६. अंधेरीतला डॉ. अनुपमा यांचा दवाखाना, दुपारची वेळ. सुगंधा नुकतीच तपासणीच्या टेबलावरून उतरली आहे. नवरा धोंडिराम शेजारी उभा.)

डॉक्टर: बसा, सुगंधाबाई. घाई नको. किती दिवस झाले असा दम लागून?

सुगंधा: दोन वर्षं होत आली. आधी जिना चढताना लागायचा. आता वेणी घालायला हात वर केला तरी लागतो. आणि हा सुका खोकला. पडत काय नाही, नुसती ढास.

धोंडिराम: टीबी आहे, डॉक्टर. नऊ महिने गोळ्या खाल्ल्यात तिने.

डॉक्टर: थुंकी तीनदा तपासली. एकदाही टीबी निघाला नाही. बोटं दाखवा बघू. टोकं अशी फुगलीत कधीपासून?

सुगंधा: काय माहीत. भाकरी थापताना एकदा लक्षात आलं.

डॉक्टर: पाठीला नळी लावली की खाली चरचर ऐकू येते. आणि हा एक्स-रे बघा, हे जाळं दिसतंय? जखम भरली की कातडी घट्ट होते ना, तसं फुफ्फुस आतून घट्ट होत चाललंय. पुरतं फुगतच नाही. कुठल्या कारखान्यात होतात तुम्ही?

सुगंधा: मी कुठली कारखान्यात? घरातच असते.

डॉक्टर: घरात चूल? कबुतरं पाळलीत?

सुगंधा: स्टोव्ह आहे. कबुतरं-बिबुतरं नाहीत.

डॉक्टर: आणि धोंडिराम, तुम्ही?

धोंडिराम: मी दोऱ्यांच्या खात्यात. बॉयलरला गुंडाळतात ना, त्या. अॅस्बेस्टॉसच्या. एकवीस वर्षं झाली. पण मला काय झालंय? ठणठणीत आहे मी.

डॉक्टर: तुमचे कामाचे कपडे कोण धुतं?

सुगंधा: मीच की. आधी गॅलरीत झटकायचे. पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखे यायचे हे. नळावर पाणी नुसतं दुधासारखं व्हायचं. मी नि सगुणा हसायचो.

डॉक्टर: सगुणा कोण?

सुगंधा: काशीरामची बायको, आमच्या शेजारची. काशीराम ह्यांच्याच खात्यात होता. तीन वर्षांमागे गेला. बसल्या बसल्या गेला बिचारा, आडवं पडवतच नव्हतं त्याला.

डॉक्टर: कशाने गेला?

धोंडिराम: विडीने.

डॉक्टर: फार ओढायचे?

सुगंधा: अहो, सांगा की. बाई विचारतायत.

धोंडिराम: नाय. ओढतच नव्हता. सुपारीपण खात नव्हता तो. तो गेल्यावर भरपाई टाळायला साहेबांनी कागद पुढे केला, हा रोज तीस विड्या ओढायचा म्हणून. साक्षीदाराची सही मी केली. दुसऱ्याच महिन्यात मला मुकादम केलं.

सुगंधा: माका तर तुमी विडीच सांगितलात.

धोंडिराम: सांगितलं. काय करू गो? तीन वर्षं त्याचा श्वास ऐकतोय मी. मशीन बंद पडलं की ऐकू येतो. जेवायला बसलो की ऐकू येतो. गेल्या पावसाळ्यात वाटलं, आता तर अगदी शेजारनं येतोय. वळून बघितलं तर तू झोपली होतीस. म्हणून टीबी टीबी करत बसलो, डॉक्टर. टीबी बरा होतो.

सुगंधा: आणि हा नाय होत?

डॉक्टर: झालेले व्रण जात नाहीत, सुगंधाबाई. ते पुसणारं औषध माझ्याकडे नाही. हे यांच्या कपड्यांवरच्या अॅस्बेस्टॉसच्या धुळीने झालंय, ती घरात येणं आजपासून बंद. पुढे लागला तर ऑक्सिजन देऊ. खोटा धीर देणार नाही मी.

सुगंधा: बरं.

धोंडिराम: लिहा, डॉक्टर, कशाने झालं ते. खात्याचं नाव लिहा, माझं लिहा. काशीरामचंपण लिहा. मी सही करतो.

डॉक्टर: नोकरी जाईल.

धोंडिराम: जाऊ दे.

सुगंधा: सगुणा आता मानखुर्दला असते, भावाकडे. दिवाळीत भेटली तेव्हा बोलता बोलता मधेच थांबत होती. मला वाटलं, रडू येतंय. तिला इथं आणायला हवं.

धोंडिराम: कुठल्या तोंडाने उभा राहू गो तिच्यासमोर?

सुगंधा: मी येते ना बरोबर. खोकल्याचं मी सांगेन. बाकीचं तुमी सांगायचं.