डोळे मिटून ऐकायचं

म्हातारा : हाही गेलाय. काढ, टाक टोपलीत.

मुलगा : अण्णा, याच अ‍ॅम्प्लिफायरचा हा तिसरा काचेचा व्हॉल्व.

म्हातारा : मग तिसराही खराब. डावीकडच्या स्पीकरमधून घूं येतेय, तुला ऐकू येत नाही? ताई, तुम्हाला?

बाई : घूं नाही बाई जाणवत. उजवीकडचा आवाज बारीक होता, तो तुम्ही पहिला व्हॉल्व बदललात तेव्हाच सुधारला. पण मला त्यातलं काय कळतंय? गाणी ऐकायला हे जुनं मशीन घेतलं, तर विकणारा म्हणाला, एकदा अण्णांचे कान लावून घ्या.

म्हातारा : ऐकलंस? आणि हा मला घरी बसवायला निघालाय, ताई! म्हणे, खुर्ची सोडा.

मुलगा : बरं, नवा व्हॉल्व बसवलाय. ऐका आता. तुमच्या पद्धतीनं, मशीनकडे पाठ करून.

म्हातारा : आणि डोळे मिटून. काचेतला उजेड दिसला की कान फसतात. ताई, लहानपणी याला मी असाच बसवायचो. चांगला व्हॉल्व लावायचो आणि दरडावून विचारायचो, खराब आहे ना रे? हा घाबरून म्हणायचा, हो. की दिलीच टपली! गिऱ्हाइकं पोट धरधरून हसायची.

बाई : अगं बाई, बिचारा.

म्हातारा : बिचारा कसला? त्या टपल्यांवरच तर दुकान चालवतोय. हं, मिटले डोळे.

मुलगा : थांबा, जरा तापू दे.

बाई : अहो, पण तुम्ही तर...

मुलगा : ताई, एक मिनिट. बोला अण्णा, येतेय घूं?

म्हातारा : येतेय म्हणजे काय! मघापेक्षा जोरात. पेन्सिलीनं टिचकी मार काचेवर.

मुलगा : मारली.

म्हातारा : बघ, घूं कशी थरथरली! नवा कोरा असून खराब. टाक टोपलीत.

मुलगा : नक्की?

म्हातारा : मला विचारतोस नक्की?

मुलगा : उघडा डोळे. हा प्लग कुठाय बघा. माझ्या हातात. मशीन कधीच बंद केलंय. काचेला हात लावा, गारच आहे.

बाई : अहो, हे घरी सांगायचं. माझ्यासमोर कशाला?

मुलगा : घरी सांगून थकलो. म्हणतात, तूच बहिरा. आणि ताई, मला समोर गिऱ्हाईकच हवं होतं. मी टपल्या खायचो तेव्हा दुकान भरलेलं असायचं.

म्हातारा : अरे, ती गंमत होती.

मुलगा : मग हसा की आता. तुम्ही टोपलीत टाकलेले चांगले व्हॉल्व मीच परत बसवतो, तुम्ही जेवायला गेलात की. लोक तुमच्या कानांचं कौतुक करतात ना, ते त्या टोपलीतल्या व्हॉल्वचं. उद्यापासून येऊ नका.

म्हातारा : म्हणजे ती घूं...

मुलगा : तुमच्या डोक्यात आहे. मशीनमध्ये नव्हतीच.

बाई : अण्णा, बसा तुम्ही. पाणी देऊ का?

म्हातारा : अजून येतेय रे.

मुलगा : येऊ दे.

म्हातारा : प्लग तर तुझ्या हातात आहे. मग ही कुठून बंद करायची?