कशासारखं आहे, ते सांग

विहारात जमलेल्या ताई-दादांनो, शिफ्ट सोडून आलेल्या मित्रांनो, मला असं उभं राहून बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

वंदनाताई आमच्या लाईनच्या लीडर. चाकणला आम्ही गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधतो. मी परभणीहून आलो, दहावी नापास. पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, "वेणीसारखे पेड घाल." मी म्हटलं, "ताई, मला वेणी येत नाही." लाईनवरच्या पोरी खो खो हसल्या. ताई म्हणाल्या, "वेणी माझी झाली. तुझं काय? गावाकडं काय वळायचास?"

"गुरांचं दावं."

"मग दावंच वळ की बाबा!"

आणि जमलं.

नवं काम आलं, कुणी अडलं, की ताईंचा एकच प्रश्न. "कशासारखं आहे, ते सांग." ज्याच्या त्याच्या घरातलं काहीतरी आठवायचं आणि हात सुटायचे. मी एकदा विचारलं, "कशासारखंच नसलं तर?" म्हणाल्या, "तर हात काढायचे. ओढाओढ करायची नाही. मला हाक मारायची."

गेल्या आठवड्यात छातीत कळ आली आणि ताई गेल्या. त्यांची सई पाच वर्षांची. ही बघा, आजीच्या मांडीवर आहे. तिनं मला विचारलं, "मामा, मम्मी कुठंय?" मी घाबरलो. कशासारखं सांगू, कशासारखं? बोलून गेलो, "मम्मीची शिफ्ट बदलली, बाळा."

काय जुळवलं मी हे! शिफ्टला गेलेलं माणूस घरी येतं. सई रोज संध्याकाळी थांब्यावर जाते. कंपनीची बस येते. सगळे उतरतात. ती विचारते, "मामा, ओव्हरटाइम आहे का?"

काय सांगू हिला? सांगा ना कुणीतरी!

आजी म्हणाल्या, "तूच सांगितलंस, आता तूच सांग. सगळ्यांसमोर सांग, म्हणजे उद्या थांब्यावर कुणी निराळं सांगणार नाही."

दिवा विझला म्हणू? तो परत लावता येतो. झोपली म्हणू? पोरगी झोपायला भिईल. सगळं जुळवून पाहिलं. एकही बसत नाही.

सई, बाळा, इकडं बघ. मामा चुकला. मम्मी शिफ्टला गेली नाही. मम्मी वारली. ती आता बसमधून उतरणार नाही. हे कशासारखंच नाही गं.

ताई, मी हात काढलेत. हाक मारतोय.

सगळे उभे राहूया. हात मोकळे सोडूया. दोन मिनिटं कुणीच काही जुळवायचं नाही.