निघताना विचारायचं

ताई: नाही म्हणजे नाही. पुन्हा वेष बदलून त्या ऑनलाइन नकाशावाल्यांच्या दारात जायचं नाही.

धाकटा: अगं ताई, वेष कसला त्यात? आपला इंटरनेटचा पत्ता तेवढा बदलायचा. दहा मिनिटांचं काम. त्यांना वाटेल, कुणीतरी नवीन माणूस रस्ता विचारतोय.

ताई: आज बारा वाजता त्यांनी तुला हाकललं, तोवरही त्यांना असंच वाटत होतं ना? एकच माणूस एका दमात चारशे रस्ते विचारतो! कुठे निघाला होता म्हणे हा माणूस?

धाकटा: ते जरा जास्तच झालं, मान्य. पण मी रोज कुठे विचारत होतो? रविवारी एकदाच. या खेपेला रविवार हुकला, म्हणून जुनं पुसून आज बसलो. सगळ्या पेशंटची घरं, तिथून डायलिसिस सेंटर, आणि परत. एकदा उत्तरं हातात आली की आठवडाभर बघायला नको.

ताई: आठवडाभर? खरं बोल.

धाकटा: बरं, महिनाभर. रस्ते काय रोज जागा सोडून पळतात का?

ताई: सव्वातीनला आपल्या तिन्ही गाड्या निघायच्यात. चारच्या पाळीला अकरा माणसं पोचवायची. मशीन कुणासाठी थांबत नाही, हे मी तुला सांगायला हवं? आपला स्वतःचा बाप आठवड्यातून तीनदा तिथे जातो.

धाकटा: म्हणूनच तर म्हणतोय! ही काय नियम वाचत बसायची वेळ आहे?

ताई: माझे वाचून झालेत. हे घे. छापून आणलंय, पेन्सिलीने खुणाही केल्यात.

धाकटा: तू हे सगळं वाचलंस? अगं, हे जगात कुणी वाचत नाही. खाली 'मान्य' असतं, ते दाबायचं असतं.

ताई: तू दाबलंस म्हणून मला वाचावं लागलं. माझ्या गाड्यांच्या नावाने दाबलंयस तू ते. पहिली खूण वाच. मोठ्याने.

धाकटा: "रस्ता विचारायचा तर आम्ही ठेवलेल्या मार्गांनीच विचारावा." म्हणजे नाव नोंदवून त्यांच्याकडून किल्ली घ्यायची, एक लांबलचक आकडा असतो, आणि दर प्रश्नासोबत तो दाखवायचा.

ताई: पुढे.

धाकटा: "उत्तर आमच्याच नकाशावर दाखवावं. उत्तरं साठवून ठेवू नयेत." इथेच तर घोडं पेंड खातं, ताई! साठवायचं नाही तर मी ड्रायव्हरांना छापील कागद कुठून देऊ? डावीकडे वळा, पाचशे मीटर जा, उजवीकडे वळा... माझी सगळी रचनाच त्या कागदावर उभी आहे. स्वतःचा फायदा बघतात ते, दुसरं काय?

ताई: बघू देत. नकाशा त्यांचा, दारही त्यांचं.

(दारावर टकटक. सगळ्यांत जुने ड्रायव्हर काका आत डोकावतात.)

काका: येऊ का? गाडी पुसून ठेवलीय. आजचा कागद मिळाला नाही अजून, म्हणून आलो. नसला तरी चालेल म्हणा.

धाकटा: नसला तरी चालेल? काका, त्या कागदापायी तीन महिने डोकं शिणवलंय मी!

काका: कागद सुबक असतो, इंजिनिअर साहेब. त्यात वाद नाही. पण मंगळवारपासून मी तो आरशामागे खोचून ठेवतो. वाचत नाही.

ताई: मंगळवारी काय झालं?

काका: काही नाही. झालं गेलं.

ताई: काका, मंगळवारी तुम्ही पावणेपाचला पोचलात. 'रस्त्यात गर्दी' असं वहीत तुम्हीच लिहिलंय.

काका: गर्दी होतीच की. आता बघा, कागद म्हणत होता रेल्वेखालच्या भुयारातून जा. ते भुयार तीन आठवडे बंद आहे, पत्रे ठोकलेत. मला काय दुसरा रस्ता माहीत नव्हता? पण तुम्हीच बजावलं होतंत, कागदाबाहेर जायचं नाही. मग गेलो नाकासमोर. मागून ट्रक येऊन चिकटला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पाऊण तास तिथेच.

ताई: आणि तुम्ही मूग गिळून बसलात? गाडीत चार पेशंट होते, काका!

काका: चारच होते. उशीर झाला म्हणून सेंटरने एक मशीन दुसऱ्याला देऊन टाकलेलं. राहिली तीन. चौथ्याला दुसऱ्या कुणाचं आटपेपर्यंत थांबावं लागलं. चार तासांच्या जागी अडीच तास मिळाले.

धाकटा: कोण होता चौथा?

काका: ते आपणहून थांबले हो. म्हणाले, या बाईंना धाप लागलीय, आधी त्यांना घ्या. आणि मला शपथ घातली. घरी बोलायचं नाही, म्हणाले. पोराने हौसेने केलंय.

धाकटा: बाबा?

काका: माझी शपथ मोडली. बरं झालं, मोडली ती. दोन दिवस घास गोड लागत नव्हता.

ताई: म्हणून काल त्यांचे पाय एवढे सुजले होते. विचारलं तर म्हणाले, मीठ जास्त झालं असेल. मी स्वयंपाकीणबाईंना बोलले त्यावरून.

धाकटा: मंगळवारी घरी आल्यावर पाठ थोपटली त्यांनी माझी. म्हणाले, तुझ्या कागदामुळे कसे झटकन पोचलो.

ताई: हे बघ, रडायचं असेल तर पाचनंतर. मीही येईन सोबतीला. आत्ता अडीच वाजलेत. किल्ली कधी मिळेल?

धाकटा: फॉर्म भरला की मिळेल, अर्ध्या तासात. पण प्रोग्राम नव्याने लिहायचा म्हणजे उद्याची दुपार.

ताई: आणि आज? पळवाट नको सांगूस. सरळ वाट सांग.

धाकटा: आहे एक. पण फारच साधी आहे ती.

ताई: साधी आहे म्हणून काय विटाळ झाला?

धाकटा: नुसती लिंक करायची, आत पेशंटचा पत्ता. काकांना पाठवायची. त्यांनी दाबली की त्यांच्याच फोनवर नकाशा उघडतो आणि त्या घडीचा रस्ता दाखवतो. किल्लीही लागत नाही. तुझ्याच दुसऱ्या पानावर लिहिलंय, हे चालेल म्हणून. मी कधी तिकडे वळलो नाही. त्यात माझं असं काहीच नसतं ना.

काका: म्हणजे लेकीच्या घरी जाताना मी करतो, तेच की.

धाकटा: तेच, काका.

काका: मग एवढे दिवस आपण काय करत होतो?

ताई: चुकत होतो. दोघंही. कागदाबाहेर जायचं नाही हे फर्मान माझं होतं, ते आजपासून रद्द. कुणाला आधी घ्यायचं, कुणाला मागून, ते मी सांगते. अकराही घरं तोंडपाठ आहेत मला. तू लिंका पाठव. रस्ता मात्र दर घरून निघताना विचारायचा, आधी नाही. बाकी दोघा ड्रायव्हरांना मी फोन करते.

धाकटा: आणि किल्लीचा फॉर्म?

ताई: मी भरते. आपल्या खऱ्या नावाने, आणि काम काय करतो तेही खरं लिहून. आजारी माणसं पोचवतो आपण, लपवायचंय काय त्यात? तू ऊठ.

धाकटा: काका, आज मी बसतो तुमच्या शेजारी. फोन मी धरतो, तुम्ही स्टिअरिंग सोडू नका.

काका: चला की. पहिला पत्ता कुणाचा?

धाकटा: आमच्याच घराचा. बाबा फाटकाशी येऊन उभे राहिले असतील.

काका: तो रस्ता तर मला डोळे मिटून येतो, साहेब.

धाकटा: मलाही येतो, काका. तरी विचारू या. आज कसा आहे ते.